पोर्ट सईदच्या निळ्या मूर्ती, प्रवरेचे दगड आणि नवा संग्रह

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचे आजोबा मालवाहू बोटीवर होते. पन्नासच्या दशकात कधीतरी त्यांनी पोर्ट सईदहून तीन वीतभर निळ्या मूर्ती आणि बारीक निळ्या मण्यांची एक माळ आणली. घरात प्रवरेच्या काठी, नेवाशाजवळच्या शेतात वेचलेले काही दगडही आहेत. ती आदिमानवाची हत्यारं असावीत असं कुणी जाणकार सांगून गेले. आता परदेशी ऑनलाइन लिलावांतून इजिप्शियन थडग्यांतल्या छोट्या वस्तू आणि अश्मयुगातली हत्यारं घ्यायची इच्छा आहे. अस्सल कसं ओळखायचं, कायदा काय म्हणतो आणि सुरुवात कुठून करायची?

मी पुरातत्त्व शिकले आणि पुढे बरीच वर्षं इंग्लंडमध्ये खाजगी संग्रहांच्या याद्या करण्याचं काम केलं. कुणाचे तरी आजोबा गेले की माळ्यावरच्या ट्रंका आणि बिस्किटांचे डबे उघडायचे, निघेल ते ओळखायचं, त्याचे कागद तपासायचे आणि काय विकता येईल, काय नाही हे घरच्यांना सांगायचं. तुमचा प्रश्न त्यामुळे फार ओळखीचा वाटला.

तुम्ही अस्सल-नकलीचं आधी विचारलंत. मी क्रम उलटा करते. आधी ती वस्तू तिच्या देशातून कधी आणि कशी बाहेर पडली ते बघा, मग ती अस्सल आहे का ते बघा. नकली वस्तू गळ्यात पडली तर पैसे गेले, विषय संपला. कागद नसलेली अस्सल वस्तू घेतलीत तर ती कुणीतरी रात्रीच्या अंधारात थडगं फोडून काढलेली असण्याची शक्यता मोठी. ते थडगं पुन्हा जुळवता येत नाही. शिवाय वस्तू जप्त होऊ शकते, आणि पुढे विकायला गेलात तर एकही धड लिलावघर तिला हात लावत नाही.

इजिप्तमध्ये १९८३ साली ११७ क्रमांकाचा कायदा आला. जुन्या वस्तूंचा व्यापार बंद झाला आणि पुरावस्तू सरकारच्या मालकीच्या ठरल्या. त्याआधी मात्र हा धंदा उजेडात चाले. परवानाधारक दुकानदार होते. कैरोच्या संग्रहालयात विक्रीचं स्वतंत्र दालन होतं, ते १९७९ पर्यंत चालू होतं. परदेशी उत्खननांत निघालेल्या मालाची वाटणी होऊन एक हिस्सा खणणाऱ्यांना मिळे, आणि ते तो आपल्या वर्गणीदारांना, शाळांना, संग्रहालयांना वाटून टाकत. म्हणून जगात रीतसर बाहेर आलेल्या इजिप्शियन वस्तू भरपूर आहेत, आणि 'इजिप्तचं म्हणजे चोरीचंच' हे काही खरं नाही. व्यवहारात दोन रेघा पाळल्या जातात: सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखणाऱ्या युनेस्कोच्या कराराचं १९७० हे वर्ष आणि इजिप्तच्या कायद्याचं १९८३. वस्तू १९७० च्या आधी इजिप्तबाहेर होती असा पुरावा असेल तरच मी पुढे वाचते. 'एका युरोपीय सद्गृहस्थांचा खाजगी संग्रह' हे वर्णन म्हणजे पुरावा नाही. नाव, गाव, साल, पावती, जुना फोटो, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगातला क्रमांक, यांतलं काहीतरी हवं.

पण कागदही खोटं बोलतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली नेजेमान्ख नावाच्या पुजाऱ्याची सोन्याने मढवलेली शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. सोबत १९७१ सालचा इजिप्तचा निर्यात परवाना होता. तपासात तो बनावट निघाला. त्यावर शिक्का होता 'अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त' या नावाचा आणि तारीख मे महिन्याची. देशाचं नाव तर त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये बदललं. तोवर तो 'युनायटेड अरब रिपब्लिक' होता. पेटी २०११ च्या उठावाच्या धामधुमीत लुटलेली होती. २०१९ मध्ये ती परत गेली. जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहालयांपैकी एकाला जे दिसलं नाही ते शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात होतं.

जुनी लेबलं हा आणखी एक सापळा. फ्रेडरिक शुल्ट्झ या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याला २००२ साली शिक्षा झाली. त्याचा इंग्लंडमधला साथीदार जोनाथन टोकली-पॅरी अस्सल वस्तूंवर पारदर्शक प्लॅस्टिकचा थर देऊन त्यावर भडक रंग फासायचा. विमानतळावर ती पर्यटकांची स्वस्तातली आठवणवस्तू वाटायची. राजा तिसऱ्या आमेनहोतेपचं दगडी मस्तक असंच बाहेर आलं. बाहेर आल्यावर रंग उतरवायचा आणि वस्तू 'थॉमस अल्कॉक संग्रह' या नावाने विकायची. असा संग्रह कधी अस्तित्वातच नव्हता. त्याची लेबलं १९२० च्या दशकातल्या छपाईसारखी बनवली होती आणि कागद जुनाट दिसावा म्हणून त्यावर चहा फिरवला होता. तेव्हापासून तपकिरी, कडा कुरतडलेलं देखणं लेबल दिसलं की मी ते आधी नाकाशी नेते.

उलट प्रकारही घडतो: कागद खरा, वस्तू खोटी. इंग्लंडमधल्या बोल्टनच्या संग्रहालयाने २००३ मध्ये सुमारे ४ लाख ४० हजार पौंडांना 'अमार्नाची राजकन्या' ही अलाबास्टरची मूर्ती घेतली. ती शॉन ग्रीनहाल्शने घरच्या शेडमध्ये कोरली होती. सोबत दिलेला १८९२ चा लिलाव कॅटलॉग मात्र अस्सल होता. त्यात 'आठ इजिप्शियन मूर्ती' एवढाच मोघम उल्लेख होता, आणि त्या मोघमपणात काहीही बसवता येत होतं. मोठमोठ्या तज्ज्ञांनी मूर्तीला हिरवा कंदील दाखवला. ग्रीनहाल्श कुटुंब पकडलं गेलं ते पुढे असिरियन शिल्पं विकायला काढली तेव्हा, त्यावरच्या कीलाक्षर लेखातल्या चुकांमुळे. म्हणून कागद हातात आला की मी एकच तपासते: तो कागद *याच* वस्तूबद्दल बोलतोय का? उंची, तुटलेला कोपरा, फोटो, अंगावरचा क्रमांक, काहीतरी जुळायला हवं.

त्या अंगावरच्या क्रमांकाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण नवखे लोक तो घाण समजून पुसतात. फ्लिंडर्स पेट्री आणि त्याच्या पिढीचे उत्खननकर्ते वस्तूवर काळ्या शाईने थडग्याचा क्रमांक घालत, कधी जागेचं आद्याक्षरही. पेल्याच्या बुडाशी किंवा मूर्तीच्या तळव्याखाली तो सापडतो. एका मातीच्या साध्या भांड्यावर असा क्रमांक शाबूत असेल तर सोन्याच्या अंगठीपेक्षा मी ते भांडं घेईन. त्या क्रमांकावरून थडगं सापडतं, थडग्यात सोबत काय होतं ते कळतं, आणि ती वस्तू कुणाला वाटून दिली याची यादीही बरेचदा मिळते. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरचा 'आर्टिफॅक्ट्स ऑफ एक्स्कव्हेशन' हा प्रकल्प नेमका याच वाटपाचा माग ऑनलाइन देतो, फुकट. लिलावात बोली लावण्याआधी तिथे एक रात्र घालवा.

आता तुमच्या निळ्या मूर्ती. या उशाब्ती असाव्यात, किंवा उशाब्तीच्या नकला. मेलेल्याबरोबर ठेवायच्या या चाकरांच्या मूर्ती. परलोकातही शेतं नांगरायची, पाट काढायचे, पूर्वेची वाळू पश्चिमेला न्यायची वेठ आहे अशी समजूत होती. त्या वेठीला मृताचं नाव पुकारलं की उशाब्तीने 'मी हजर आहे' म्हणून पुढे व्हायचं, असं 'मृतांच्या ग्रंथा'च्या सहाव्या अध्यायात सांगितलंय आणि तेच बऱ्याच मूर्तींवर कोरलेलं असतं. पुढच्या काळात तर वर्षाच्या दर दिवसाला एक अशा ३६५ आणि दर दहांवर एक मुकादम असे ३६, मिळून ४०१ चा संच ठेवत. मुकादमाच्या हातात चाबूक असतो. तुतानखामेनच्या थडग्यात ४१३ निघाल्या. एवढ्या संख्येने बनल्या म्हणूनच आज त्या काही शे पौंडांत मिळतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही शंभर-दीडशे वर्षं बनतायत.

मूर्ती हातात घ्या आणि चेहरा बघू नका. चेहरा बघितला की माणूस प्रेमात पडतो. तळवे बघा. उशाब्ती ज्या फायान्सची असते ती माती नव्हे. गारेची भुकटी, त्यात थोडा चुना आणि क्षार, रंगासाठी तांबं. भाजताना क्षार पृष्ठभागावर येऊन काचेसारखा थर धरतो. तळव्याखाली किंवा टवका उडालेल्या जागी गाभा उघडा दिसतो तो पांढरा ते करडा, दाणेदार, भिंगाखाली ठेचलेल्या खडीसाखरेसारखा. लालसर माती दिसली आणि वरून निळा ग्लेझ असेल तर साशंक व्हा. गुळगुळीत पांढरं प्लॅस्टर दिसलं तर चर्चा संपली. (रंगवलेल्या मातीच्याही अस्सल उशाब्ती असतात, पण त्यांचं प्रकरण वेगळं.) अस्सल ग्लेझ खाचांत जाड, उंचवट्यांवर विरळ असतो; रंग सगळीकडे एकसारखा नसतो. मग पाठ बघा. उत्तरकाळच्या उशाब्तींना पाठीशी उभा खांब असतो, हनुवटीला वेणीची दाढी, दोन्ही हातांत कुदळ-फावडं, आणि डाव्या खांद्यावरून मागे सोडलेली बियाणाची छोटी पिशवी. त्याआधीच्या, आमून देवाच्या पुजाऱ्यांच्या काळातल्या मूर्तींना तो खांब नसतो, डोक्याभोवती काळी पट्टी असते. नकलाकार दोन्ही काळांची मिसळ करतो: खांबही, पट्टीही. लेखाची सुरुवात बहुतेक वेळा ठराविक शब्दांनी होते आणि पुढे मृताचं नाव, आईचं नाव येतं. पक्षी, डोळा, लाट, पक्षी, डोळा असा नुसता नक्षीकामाचा लेख असेल तर तो बनवणाऱ्याला वाचता येत नव्हता.

पोर्ट सईदला बोट लागली की छोट्या होड्यांतून फेरीवाले भोवती जमत आणि दोरीला टोपली बांधून वस्तू वर पाठवत. तिथल्या उशाब्ती बहुतांशी नव्याच असत. तुमच्या तिन्ही एकाच साच्यातल्या असतील, एकाच जागी एकसारखा बुडबुडा असेल, तर त्या कारागिराच्या आहेत असं समजा आणि आजोबांची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवा. गंमत अशी की ती मण्यांची माळ बहुधा मूर्तींपेक्षा कितीतरी जुनी निघेल. ममीवर फायान्सच्या नळीदार मण्यांची जाळी घालत. ती तुटून मणी ढिगाने मिळत, इतके स्वस्त की त्यांची नक्कल करणं परवडत नसे. दोरा नवा, मणी जुने. माळ पुन्हा ओवू नका, धुऊ नका.

आणि आजोबांची कागदपत्रं शोधा. बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक, पासपोर्टवरचे शिक्के, घरच्यांना लिहिलेलं एखादं पत्र, मूर्ती मागे दिसतात असा लग्नातला फोटो. पन्नासच्या दशकातला इजिप्त म्हणजे परवानाधारक व्यापाराचा काळ. तुमच्या घरातला तो एक फोटो लिलावातल्या दहा मूर्तींच्या वर्णनांपेक्षा भक्कम आहे.

हत्यारांकडे वळते. तुम्हाला वाटेल थडगी वेगळी आणि अश्मयुग वेगळं, पण इजिप्तमध्ये या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. १८८१ साली जनरल पिट-रिव्हर्स थीब्जला, म्हणजे आजच्या लक्सरला गेला. तिथल्या घळीतल्या घट्ट वाळू-गोट्यांच्या थरात इजिप्शियनांनी थडगी खोदली होती. त्याच थराच्या पोटात त्याला दगडाचे घडलेले छिलके रुतलेले सापडले. थर बसून कडक झाल्यावर थडगी खोदली, आणि छिलके तर थराबरोबर बसलेले, म्हणजे हत्यारं थडग्यांपेक्षा कितीतरी जुनी. हे सिद्ध झालं ते छिलका थरात असतानाच पाहिल्यामुळे. तोच छिलका कैरोच्या बाजारातून विकत आणला असता तर त्यावरून काहीच सिद्ध झालं नसतं.

धातू आल्यावरही इजिप्तने दगड सोडला नाही. लाकडी विळ्याला गारेची पाती बसवत. धान्य-गवत कापून कापून त्यांच्या धारेवर एक चकाकी येते, ती अंधुक उजेडातही बोटाने आणि डोळ्याने जाणवते. ममी करताना कुशीला चीर द्यायला इथिओपियाचा दगड वापरत असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. आणि राजवंशांच्या आधीच्या नकादा काळातल्या सुऱ्या! आधी पातं घासून सपाट करायचं, मग दाब देऊन एकामागे एक असे वळणदार छिलके काढायचे की पृष्ठभागावर लाटा उठतात. याहून कुशल दगडकाम मी पाहिलेलं नाही. लूव्हरमधली गेबेल एल-अराकची हस्तिदंती मुठीची सुरी याच घडणीची. ती १९१४ साली कैरोच्या व्यापाऱ्याकडून घेतली आणि जागेचं नावही व्यापाऱ्यानेच सांगितलं. अभ्यासक ती खरं तर अबायडोसच्या परिसरातली असावी असं मानतात. एवढी महत्त्वाची वस्तू, आणि तिच्या थडग्यात सोबत काय होतं ते कधीच कळणार नाही.

ऑनलाइन बाजारात तुम्हाला अश्मयुगाच्या नावाने मुख्यतः दिसतील ते सहारातले बाणाचे नाजूक फाळ, पाकिटात वीस-वीस. ते टाळा. मोरोक्को, माली, मॉरिटानिया, कुठून उचलले ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि त्या देशांतून ते बाहेर काढायला परवानगी नसते. त्यात नवे घडवलेलेही मिसळलेले असतात. ताज्या घडणीची खूण म्हणजे सगळ्या खाचांचा रंग आणि तकाकी एक. जुन्या दगडावर हजारो वर्षांचं ऊन-वारा-पाणी बसलेलं असतं आणि नंतर उडालेल्या टवक्यात आतला मूळ रंग वेगळा दिसतो. लोखंडी हातोडीने घडवलं असेल तर भिंगाखाली आघाताच्या जागी कधीकधी धातूची रेघ किंवा गंजाचा ठिपका दिसतो. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये 'फ्लिंट जॅक' नावाने एक भटका गडी संग्रहालयांनाही आपली हत्यारं विकून गेला होता, तेव्हा ही कला नवी नाही.

खरीच आवड असेल तर जुने इंग्लिश किंवा फ्रेंच संग्रह फुटतात त्यातली हत्यारं बघा, ज्यांवर शाईने गावाचं नाव आणि साल लिहिलेलं असतं. दिसायला ओबडधोबड, भावाने हलकी, आणि तुम्हाला नकाशावर बोट ठेवता येतं.

आता प्रवरेचे दगड, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. नेवासे ही साधी जागा नाही. सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये तिथे उत्खनन केलं. मध्य पुराश्मयुगातल्या, चर्ट-जास्पर या गारेसारख्या दगडांच्या छिलका-हत्यारांना 'नेवासियन' हे नाव याच गावावरून मिळालं. जवळच्या चिरकीला गुद्रुन कोर्विनस यांनी साठच्या दशकात त्याहून जुन्या हातकुऱ्हाडी आणि फरशा (रुंद, सरळ धारेची कुऱ्हाडीसारखी हत्यारं) थरातून काढल्या. तुमच्या शेतातले दगड याच गोष्टीतले असू शकतात. ओळखायला सोपं असं: छिलक्याच्या एका बाजूला, आघाताच्या जागेखाली, फुगवटा असतो आणि त्यापासून लाटा निघतात. गाभ्यावर, म्हणजे ज्या दगडातून छिलके काढले त्यावर, ते निघाल्याचे खोलगट व्रण, शक्यतो दोन्ही बाजूंनी, एका धारेकडे येणारे दिसतात. एखादा टवका नांगराने किंवा खडी-क्रशरनेही उडतो. ओळीने सात-आठ उडत नाहीत. काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी मात्र इतक्या झिजलेल्या असतात की व्रण गोलसर होतात आणि नुसत्या फोटोवरून मीही सांगणार नाही.

कायद्याने शंभर वर्षांहून जुनी घडवलेली वस्तू ही पुरावस्तू. हा भारतातला १९७२ चा कायदा. ती परवान्याशिवाय विकायचा धंदा करता येत नाही, खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि शिल्पं, चित्रं, हस्तलिखितं अशा ठराविक प्रकारांची नोंदणी करावी लागते. या व्याख्येत वस्तू भारतातच बनलेली असावी अशी अट नाही, हे लक्षात ठेवा. म्हणजे मूर्ती अस्सल ठरल्या तर नोंदणी अधिकाऱ्याला विचारून घ्यायचं, आणि त्या उद्या लंडनला विकायला पाठवायच्या हा बेत बाद. संरक्षित स्थळावरून दगड उचलणं तर सरळ गुन्हा आहे. जमिनीत दडलेलं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याने कलेक्टरला कळवायचं असतं, किंमत दहा रुपयांच्या वर असली की झालं. ते दहा रुपये अजून दहाच आहेत. परदेशातून काही मागवण्याआधी कस्टम्सच्या जाणकाराला विचारा आणि पार्सलवर 'गिफ्ट, क्ले डॉल' असलं काही विकणाऱ्याला लिहू देऊ नका. युरोपीय संघातल्या देशात कुणी नातेवाईक तुमच्यासाठी घेणार असतील तर तिथेही जून २०२५ पासून अडीचशे वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू बाहेरून आणायला आयात परवाना लागतो.

दगडांचं असं करा. जे घरात आहेत त्यांतला प्रत्येक कुठल्या बांधावर, ओढ्याच्या कुठल्या वळणावर मिळाला ते ज्याने वेचला त्याला आजच विचारून लिहून घ्या. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटने १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला भारतातली पहिली हातकुऱ्हाड ओळखली. त्याने आयुष्यभर जमवलेले दगड मद्रासच्या संग्रहालयाने घेतले आणि आजही अभ्यासक ते काढून बघतात, कारण कुठला दगड कुठल्या गावचा याची नोंद त्याने ठेवली होती. पुढे शेतात दिसेल तो उचलू नका. जागेवर असतानाच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्य पुरातत्त्व खात्याला पाठवा.

क्रमांक घालायचा तर थेट दगडावर पेनने नाही. पॅरालॉइड बी-७२ नावाचं संग्रहालयात वापरतात ते रेझिन मिळतं. त्याची नखाएवढी पट्टी लावायची, वाळली की त्यावर बारीक शाईने क्रमांक, आणि वर पुन्हा एक पातळ हात. चुकलं तर ॲसिटोनने निघतं. फेव्हिकॉल, नेलपॉलिश, सेलोटेप यांना घरातून बाहेर ठेवा.

तुम्ही मुंबईत राहता असं लिहिलंय, तर पावसाळ्याचं सांगते. इजिप्तच्या कोरड्या वाळूतून आलेल्या फायान्समध्ये आणि चुनखडीत मीठ असतं. आपल्या दमट हवेत ते विरघळतं, ऑक्टोबरात हवा सुकली की पृष्ठभागावर स्फटिक होऊन येतं आणि ग्लेझ उचलून टाकतं. ब्राँझची तर गोष्टच करू नका. ओसिरिस देवाच्या छोट्या मूर्तींवर पोपटी भुकटी दिसायला लागली की तो धातूचा रोग असतो आणि त्याला ४० टक्क्यांच्या खालची आर्द्रता लागते, जी मुंबईत जुलैमध्ये फक्त बंद डब्यात मिळते. म्हणून नवा संग्राहक असाल तर ब्राँझ घेऊच नका. मूर्ती आणि माळ घट्ट झाकणाच्या डब्यात, आम्लविरहित टिश्यूत, सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवा. आत आर्द्रता दाखवणारं एक कार्ड टाका आणि जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवा.

मूर्तींचे तळवे, पाठ आणि लेख यांचे तिरप्या उजेडातले फोटो पाठवा, शेजारी पट्टी ठेवून. त्यावरून लेख वाचण्यासारखा आहे का एवढं तरी सांगता येईल. तोवर बोली लावू नका.